उंबऱ्याशी अडणारं चाक

सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं. तिकडे साताऱ्यात कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळला, की धरणातून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि सांगलीतल्या नदीकाठच्या गल्ल्यांत आवराआवर सुरू होते. त्यात सगळ्यात जड काम स्वयंपाकघराचं.

पूर्वी शेगडी, पाट, विळी असं सगळं, पाटा-वरवंटा सोडला तर, चटकन उचलता यायचं. मग कडप्प्याचा ओटा आला. वाकून स्वयंपाक करणं संपलं, ते फार चांगलं झालं. पण स्वयंपाकघर भिंतीला जखडलं. आपण जिला ‘किचन ट्रॉली’ म्हणतो तीही ओट्याखालच्या रुळांवर मागेपुढे सरकते एवढंच.

पूर येणाऱ्या गल्लीत निदान साठवणीचं सामान तरी चाकांच्या मांडणीवर असावं, असं मला मनापासून वाटतं. पेटती शेगडी मात्र ओट्यावरच राहू दे. धान्याचे डबे खालच्या कप्प्यात, हलकी भांडी वर, म्हणजे मांडणी कलंडत नाही. सांगाडा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. भुशाचे दाबलेले बोर्ड पाणी पिऊन फुगतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत.

४० किलोची मांडणी फरशीवरून घसटत न्यायला १२ ते २० किलोंचा जोर लागतो. चाकांवर, सपाट फरशी असेल तर, एक-दोन किलोंत भागतं. पण शहाबादी फरशा क्वचितच एका पातळीत असतात. दोन फरशांमधली ३ मिलिमीटरची कड ४ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला ओलांडायची, तर त्या चाकावरच्या भाराच्या सुमारे ६० टक्के जोर लावावा लागतो. चाक १० सेंटिमीटरचं असेल, तर एक तृतीयांशाहून थोडा जास्त. दुकानात दिसणारी नाजूक चाकं म्हणूनच घेऊ नयेत. चाकांना ब्रेकही हवेत, निदान दोन तरी.

गॅस सिलिंडरची चाकांची बैठक घरोघरी असते, पण पाण्यात ती सिलिंडरला काही धरून ठेवत नाही. भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोंचा, आणि आत ३३ लिटरची जागा. बुडताना तो ३५ लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारतो. म्हणजे भरलेलाही तरंगतो! पाणी चढण्याआधी रेग्युलेटर काढून तो वर न्यायलाच हवा.

आणि मग उंबरा. ३ सेंटिमीटरच्या उंबऱ्यावर १० सेंटिमीटरचं चाकही ढकलून चढत नाही. भाराच्या दुपटीहून जास्त जोर लागेल. तीस सेंटिमीटर लांबीची लाकडी पाचर लावली, तर तीच ४० किलोंची मांडणी पाचेक किलोंच्या जोरात वर येते. पाचर सुताराकडून करून घ्यावी, आणि पावसाळ्याआधी एकदा मांडणी जिन्यापर्यंत ढकलून पाहावी.