गाठ काढली, कागद राहिला

मागच्या पावसाळ्यात पन्नाशीचे एक टेम्पोचालक माझ्या दवाखान्यात आले. उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी टणक गाठ होती आणि जिभेच्या त्याच बाजूला मुंग्या येत होत्या. गाठीवर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण दिसत होता.

"डॉक्टरसाहेब, हीच गाठ आठ वर्षांपूर्वी काढली होती. साधीच होती ती," ते म्हणाले.

"साधी होती हे कोणी सांगितले?"

"कोणी वाईट आहे असं म्हणालं नाही, म्हणजे साधीच ना?"

त्यांनी जुने डिस्चार्ज कार्ड पुढे केले. त्यावर इतकेच होते : 'मानेतील गाठ. शस्त्रक्रियेने काढली. आठव्या दिवशी टाके काढणे.' गाठीच्या तपासणीचा अहवाल नव्हता. तो आठ-दहा दिवसांनी मिळणार होता. पण ते दिवस सुगीचे होते, टेम्पोला भाडे होते. टाके गावातच काढले आणि अहवाल आणायचा राहून गेला. रुग्णालयानेही तो पाठवला नाही.

नशिबाने कार्डाला प्रयोगशाळेची पावती टाचलेली होती. मी फोन केला. जुन्या वहीत नोंद सापडली : 'अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा', म्हणजे लाळग्रंथीचा कर्करोग. आठ वर्षे ते निदान वहीत पडून होते आणि ज्याचा आजार त्यालाच त्याचा पत्ता नव्हता!

लाळग्रंथी कोठे असतात?

आपल्या तोंडात लाळ पाझरणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. सर्वांत मोठी जोडी कानापुढे व कानाखाली असते. गालगुंड झाले की सुजते तीच. दुसरी जबड्याखाली आणि तिसरी जिभेखाली. याशिवाय टाळू, ओठ, गाल यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात.

या ग्रंथींचा कर्करोग तसा विरळाच. कानाजवळच्या ग्रंथीतील बहुतेक गाठी साध्या निघतात. जबड्याखालच्या ग्रंथीत मात्र साधारण निम्म्या गाठी कर्करोगाच्या असू शकतात. जिभेखालच्या ग्रंथीत तर हे प्रमाण आणखी जास्त असते. म्हणजे गाठ नेमकी कोठे होती, यावरच पुष्कळ काही ठरते. 'मानेतील गाठ' या शब्दांनी नेमके तेच पुसून टाकले.

आजाराचा नंबर

घराला जसा नंबर, तसा प्रत्येक आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत एक संकेतांक असतो. या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तरी आपल्याकडच्या कागदांवर दहाव्या आवृत्तीचे आकडे अजून सर्रास दिसतात. तिच्यात कानाजवळच्या लाळग्रंथीचा कर्करोग म्हणजे 'सी ०७'. जबड्याखालच्या ग्रंथीचा 'सी ०८.०' आणि जिभेखालच्या ग्रंथीचा 'सी ०८.१'. मोठ्या लाळग्रंथींच्या साध्या गाठी 'डी ११' मध्ये जातात. टाळूतल्या बारीक ग्रंथीत कर्करोग झाला, तर तो टाळूच्या खात्यात, म्हणजे 'सी ०५' मध्ये धरतात.

नोंद करणारा कारकून डॉक्टरांनी लिहिलेलेच वाचतो. मनातले त्याला कसे कळणार? कार्डावर नुसते 'मानेतील गाठ' असेल, तर आकडा पडतो 'आर २२.१', म्हणजे निदान न झालेली मानेची सूज. आमच्या टेम्पोचालकांच्या कार्डातून दुसरे काही निघणे शक्यच नव्हते. अहवाल आल्यावर कार्ड दुरुस्त व्हायला हवे होते. ते कोणी केले नाही. मी हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. उमेदीच्या वर्षांत, बाहेर रुग्णांची रांग असताना, अशी दीड ओळीची कार्डे मीही लिहिली आहेत.

एवढ्याने काय बिघडते?

पहिले नुकसान रुग्णाचे. हा विशिष्ट कर्करोग हळू वाढतो, नसांच्या कडेने सरकतो आणि दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर बहुधा किरणोपचार देतात आणि पुढे अनेक वर्षे तपासणीला बोलावतात. कागदावर आजारच नसेल, तर बोलावणार कोण?

दुसरे नुकसान पैशाचे. सरकारी योजनेत किंवा विम्यात उपचारांची मंजुरी कागद पाहून मिळते. निदान एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतेच असेल, तर प्रकरण अडकते.

तिसरे नुकसान सगळ्यांचे. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाच्या नोंदी ठेवल्या जातात. ग्रामीण भागातली देशातील पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन रुग्ण शोधतात. कोठे कोणता कर्करोग किती, हे अशा नोंदींतून कळते. मुळातली नोंद चुकली की हिशेबही चुकतो.

वाचकांनी काय करावे?

कानापुढे, जबड्याखाली किंवा टाळूवर गाठ येऊन दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती दाखवा. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडत असेल किंवा जीभ बधिर होत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला गेली का, हे विचारा. अहवाल स्वतः जाऊन आणा, डॉक्टरांना दाखवा आणि कार्डावर निदान लिहून घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यात : कोणती ग्रंथी, डावी की उजवी, आणि अहवालात काय आले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. मात्र आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे जपण्याचेच बंधन आहे. पुढची जबाबदारी आपली. जमिनीचा सातबारा जपतो, तशी ही फाईल जपा.

त्या टेम्पोचालकांच्या दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके निघाले. वेळीच किरणोपचार झाले असते तर ते टळलेच असते, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती संधी त्यांना मिळायला हवी होती. आजार सावकाश चालणारा असल्याने ते अजून टेम्पो चालवतात. दर तीन महिन्यांनी तपासणीला येतात तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले असतात. सर्वांत वर आठ वर्षे उशिरा मिळालेला तो अहवाल असतो.