खडकवासल्याची चौपाटी : पायी फिरणाऱ्यांचे सहा गैरसमज

पावसानं जोर धरला की पुणेकराला कणीस आठवतं आणि कणीस आठवलं की खडकवासला. मग रविवारी दुपारी अख्खा सिंहगड रस्ता गाड्यांनी भरून जातो आणि चौपाटी येईपर्यंत घरच्यांची भूक तरी मरते, नाहीतर भांडण तरी होतं. या जागेबद्दलच्या बऱ्याच समजुती गाडीच्या काचेआडून तयार झालेल्या आहेत. खाली उतरून चालायला लागलं की त्यातली एकेक गळून पडते.

गैरसमज १ : खडकवासला म्हणजे शहराबाहेरची सहल, स्वतःची गाडी हवीच.

वस्तुस्थिती : जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत जी २३ गावं आली, त्यांत खडकवासलाही आहे. म्हणजे कागदोपत्री तुम्ही शहरातच फिरताय. सिंहगडाच्या पायथ्याकडे जाणारी पीएमपी बस याच रस्त्यानं जाते. कोंडी झाली की बसही अडकते, हे खरं. पण बसमधून आलेल्याला पार्किंग शोधत तीन घिरट्या घालाव्या लागत नाहीत. बस अडकली तर गावात उतरायचं आणि पुढं चालत सुटायचं.

गैरसमज २ : सगळी कोंडी हातगाड्यांमुळे होते.

वस्तुस्थिती : जरा हिशेब करू. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. कणसाची हातगाडी दोनेक चौरस मीटरमध्ये मावते. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा गाडे बसतात आणि त्यांवर पाच-सहा घरं चालतात. खडकवासल्याला माणसांची गर्दी होते त्याहून जास्त वाहनांची होते.

फेरीवाला म्हणजे बेकायदा, हेही सरसकट खरं नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं विक्रेत्यांचं सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद केली आहे. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. अर्थात या कायद्याच्या नावाखाली कुणी वळणावर रस्ता अडवून गाडा लावला, तर ते चालत नाही.

गैरसमज ३ : वाहनं डावीकडून, म्हणून आपणही डावीकडूनच चालायचं.

वस्तुस्थिती : पदपथ असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं. डावीकडून चाललात तर वाहन पाठीमागून येतं आणि ते कळतं हॉर्न वाजल्यावरच. खडकवासल्याहून सिंहगडाकडे जाताना धरणाचं पाणी उजव्या हाताला असतं, त्यामुळे जाताना सुरक्षित बाजू आणि देखणी बाजू एकच. परतताना मात्र रस्ता ओलांडून डोंगराच्या बाजूला या. ओलांडताना उभ्या गाड्यांच्या फटीतून एकदम बाहेर पडू नका. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुम्ही दिसतच नाही.

गैरसमज ४ : गाड्यावरचं खाल्लं की पोट बिघडणारच.

वस्तुस्थिती : पोट बिघडवणारे बहुतेक जंतू कढईतल्या तेलात किंवा निखाऱ्यावर टिकत नाहीत. घोटाळा होतो तो नंतर, म्हणजे चटणीत, चिरून ठेवलेल्या कांद्यात, पिण्याच्या पाण्यात, ताटली विसळायच्या बादलीत. शिजवलेला पदार्थ ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तासन् तास पडून राहिला की जंतूंचं फावतं, मग तो गाड्यावरचा असो की काचेच्या दारामागच्या हॉटेलातला.

कणसाचंच बघा. मावशी शेगडीवर एका हातानं वारा घालतात, दुसऱ्या हातानं कणीस फिरवतात, दाणे तडतडून जागोजागी काळे पडतात. इथवर सगळं स्वच्छ. मग अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून कणसावर खसाखसा घासलं जातं. तेच लिंबू आधीच्या दहा कणसांवर फिरलेलं असतं आणि तिखट-मिठाची वाटीही तीच. “मावशी, नवीन लिंबू कापा की,” एवढं म्हणायला लाजू नये. कुणी नाही म्हणत नाही.

कणीस त्याच्याच पानात मिळतं, ते उत्तम. भजी मात्र वर्तमानपत्रावर घेऊ नका. छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थ त्यात बांधायला २०१८ च्या वेष्टन नियमांनी मनाई आहे. बर्फाच्या गोळ्याबाबतही एक खूण लक्षात ठेवा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे. निळसर बर्फ पोटात जायचा नाही. पण पांढरा आहे म्हणून तो चांगल्याच पाण्याचा असेल, असंही नाही.

गैरसमज ५ : जिथं गर्दी, तिथलंच चांगलं.

वस्तुस्थिती : निम्मं खरं आहे. गर्दी असली की माल पडून राहत नाही, घाण्यामागून घाणा निघतो. पण चौपाटीवर गर्दी कधी कधी पार्किंगजवळच्या गाड्यावर होते, चवीशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे नजर कढईवर ठेवा. भजी तुमच्यासमोर सोडली, की सकाळची पुन्हा बुडवून काढली? तेल काळं, चिकट झालंय, त्यावर फेस धरतोय, लवकर धूर सुटतोय, तर पुढच्या गाड्यावर जा. चार पावलं जास्त पडतील इतकंच.

गैरसमज ६ : चौपाटी आहे, म्हणजे पाण्यात उतरायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : नाव चौपाटी असलं तरी हा पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या साखळीची एकूण क्षमता २९ टीएमसीच्या आसपास. त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन, म्हणजे सगळ्यांत लहान. पण वरच्या धरणांचं पाणी इथूनच शहराकडे वळतं, त्यामुळे काठावर फेकलेली प्लेट आणि पुणेकराचा नळ यांत अंतर फार नाही. शिवाय हा समुद्रकिनारा नव्हे. काठाला गाळ असतो आणि तळ अचानक खोल जातो. गुडघाभर पाण्यात फोटो काढायला गेलेल्यांचे जीव या जलाशयात गेलेले आहेत. पाणी काठावरूनच बघावं.

जमलं तर कामाच्या दिवशी संध्याकाळी जा. सुट्टे पैसे आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधी नुसतं चालत जा, कुणाची शेगडी पेटलेली आहे आणि कुणाचा घाणा ताजा आहे ते बघून घ्या, आणि परतीच्या वाटेवर खा.