औषध पाण्यात उतरेपर्यंत

‘आपल्याकडे नवं औषध कधी सापडलंच नाही, आपण परक्यांच्या औषधांच्या नकला करत राहिलो’ हे विधान गेली तीस वर्षं मी परिसंवादांतून ऐकतो आहे आणि अग्रलेखांतून वाचतो आहे. ते करणाऱ्यांत माझे काही जुने स्नेहीही आहेत. मी १९७३ साली माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, बाहेर पडलो आणि पुढची चौतीस वर्षं मुंबईच्या प्रयोगशाळांत फ्लास्कसमोर उभा राहिलो. एवढ्या काळात जे पाहिलं त्यावरून सांगतो, की रेणू आपल्याला सापडत होते. ते पाण्यात उतरवायची वेळ आली की आपण हात सोडत होतो. माझं हे दुखणं जुनं आहे आणि आजचा आढावाही त्याच्याच अंगाने जाणार आहे.

सुरुवातीच्या काळावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून तो भरभर ओलांडतो. कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी काळ्या आजारावर युरिया स्टिबामाइन दिलं. परळच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखींच्या काळात सल्फा औषधं बनू लागली आणि प्लेगवर सल्फाथायाझोल वापरून पाहिल्याचे निष्कर्ष १९४१ साली छापून आले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने हॅमायसिन दिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा आणि रक्तदाब यांवर लेख लिहिला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तीनच वर्षांनी सीबा या स्विस कंपनीच्या बाझेलच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रिसर्पिन निघालं. मुळी आपली, रुग्ण आपले, डॉक्टर आपला आणि स्फटिक मात्र बाझेलचे, अशी ही विभागणी पहिल्यापासूनची.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेपाशी, म्हणजे सीडीआरआयपाशी, मात्र थांबायला हवं. डॉ. नित्या आनंद हे आमच्या माटुंग्याचे. यूडीसीटीत वेंकटरामन यांच्या हाताखाली पीएच.डी. करून ते केंब्रिजला टॉड यांच्याकडे गेले आणि १९५१ साली लखनौला आले. छत्तर मंझिलच्या जुन्या महालात तेव्हा ती संस्था नुकतीच उभी राहिली होती. क्रोमॅनच्या चौकटीवर फिनाइल गट बसवत त्यांच्या गटाने जे गर्भनिरोधक संयुग गाठलं ते सेंटक्रोमॅन. १९९१ साली ते ‘सहेली’ या नावाने बाजारात आलं आणि २०१६ साली ‘छाया’ या नावाने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात गेलं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची ही गोळी स्टेरॉइडची नाही. ज्यांना ‘नकला’ दिसतात त्यांनी मला या गोळीचं परदेशी मूळ दाखवावं.

आता गोरेगाव. २१ मार्च १९६३ रोजी नेहरूंच्या हस्ते सीबा रिसर्च सेंटरचं उद्घाटन झालं आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून डॉ. टी. आर. गोविंदाचारी संचालक म्हणून आले. नैसर्गिक पदार्थांच्या रचना उकलण्यात त्यांच्या तोडीचा माणूस देशात क्वचितच होता. तिथे निर्माण झालेल्या संयुगांच्या क्रमांकाला ‘गो’ अशी शेपटी असे. तो गोरेगावचाच ‘गो’, असं आम्ही इतर प्रयोगशाळांतली पोरं अभिमानाने एकमेकांना सांगत असू. नैराश्यावरचं नायट्रोक्सॅझेपिन आणि अमीबावरचं सॅट्रानिडाझोल याच घरातलं. पण मला बोलायचं आहे ते तिथे अभ्यासल्या गेलेल्या एका झाडाबद्दल.

आंबोलीच्या बाजूला पावसाळी जंगलात फिरणाऱ्यांना नरक्या ठाऊक असतो. तेव्हाचं त्याचं शास्त्रीय नाव मॅपिया फिटिडा, त्यातल्या ‘फिटिडा’ने दुर्गंधीचा दाखला दिलेलाच आहे. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी या झाडातली अल्कलॉइड्स वेगळी केली, तेव्हा त्यांच्या हाती कॅम्प्टोथेसिन लागलं. निबंध १९७२ साली छापून आला. ज्या चिनी झाडात हा रेणू पहिल्यांदा सापडला होता, त्याच्यापेक्षा आपल्या नरक्यात तो कितीतरी जास्त होता.

त्या चिनी झाडातून तो काढणाऱ्या जोडीतला एकजण नंदुरबारचा होता, हे महाराष्ट्रात किती जणांना माहीत आहे? मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालचा. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते अमेरिकेला गेले, १९६२ साली इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या शेजारी कामाला लागले. १९६६ साली दोघांनी कॅम्प्टोथेसिनची रचना मांडली, १९७१ साली टॅक्सॉलची. कर्करोगावरच्या औषधांची दोन मोठी घराणी एका कारकिर्दीत उभी राहिली. २००० साली दोघांना केटरिंग पारितोषिक मिळालं. वाणी २०२० साली वारले तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत मी चार ओळी शोधत होतो.

या दोन्ही रेणूंचा हट्ट एकच होता, पाण्यात उतरायचं नाही. टॅक्सॉल अखेर एरंडेलापासून केलेल्या क्रेमोफोरमध्ये मिसळून शिरेत द्यावं लागलं. त्या क्रेमोफोरचीच काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येई, म्हणून आधी स्टेरॉइड देण्याची पद्धत पडली. कॅम्प्टोथेसिनची कथा याहून बोधप्रद आहे. त्याच्या एका टोकाला लॅक्टोनचं कडं आहे. अल्कली घातली की ते उघडतं आणि सोडियम सॉल्ट छान विरघळतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हेच सॉल्ट रुग्णांना दिलं गेलं. पण कडं उघडलं की रेणूचा जोर जातो, आणि लघवी आम्लधर्मी असल्याने मूत्राशयात ते पुन्हा मिटतं. रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. नरक्याचा निबंध आला त्याच सुमारास त्यातल्या रेणूला जगाने असं वाऱ्यावर सोडलं होतं.

पुढे जपानी रसायनज्ञांनी वेगळी वाट धरली. त्यांनी कडं मिटलेलंच ठेवलं आणि रेणूच्या दुसऱ्या टोकाला दोन पिपरिडिन कड्यांची बेसिक शेपटी जोडली. तिचं हायड्रोक्लोराइड पाण्यात उतरतं, आणि शरीरात शेपटी गळून खरा रेणू मोकळा होतो. हे इरिनोटेकान. १९९४ साली जपानमध्ये आणि १९९६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, त्याच वर्षी कॅम्प्टोथेसिनचंच दुसरं रूप, टोपोटेकान, तेही आलं. मग कॅम्प्टोथेसिनची मागणी वाढली आणि सह्याद्रीतला नरक्या चोरून तोडला जाऊ लागला. लाकूड पोत्यांतून बाहेर गेलं. शेपटी जोडायचं काम गोरेगावात का झालं नसतं? तशी शेपटी जोडू शकणारे डझनभर रसायनज्ञ त्या काळी एकट्या मुंबईत होते, मी त्यांना नावानिशी ओळखतो.

मुलुंडचं उदाहरण तर आमच्या डोळ्यांसमोर घडलं. गुजरातेत जिचं लोणचं घालतात ती गरमर म्हणजे कोलियस. तिच्या मुळांतून हेक्स्ट या जर्मन कंपनीच्या मुलुंड केंद्रात फोर्सकोलिन मिळालं, आणि १९७७ साली सुजाता भट, नोएल डिसूझा आणि सहकाऱ्यांनी त्याची रचना जाहीर केली. रक्तदाब उतरवणारा आणि हृदयाचा ठोका जोरकस करणारा हा रेणू. १९८१ साली अमेरिकेच्या एनआयएचमध्ये सीमन, डेली प्रभृतींनी दाखवलं, की तो पेशीतलं ॲडेनिलेट सायक्लेज हे विकर थेट जागं करतो. आज जगातल्या कुठल्याही पेशी-प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये फोर्सकोलिनची कुपी असते. पण अडचण तीच, पाण्याशी वैर. मुलुंडच्या मंडळींनी विद्राव्य रूपं केली, १९८८ साली त्यांवर निबंधही लिहिला. तरी हृदयविकारावर मान्यता मिळवली ती सहाव्या कार्बनवर डायमिथिलअमिनो शेपटी जोडलेल्या जपानी रूपाने, १९९९ साली. मूळ आपलं, रेणू आपला आणि शेवटची शेपटी पुन्हा जपानची.

हे मी तावातावाने लिहितो आहे कारण माझाही एक रेणू असाच गेला. १९७९ साली मी एक जंतनाशक संयुग केलं. डिंकाच्या पाण्यात खलून उंदरांना पाजलं की आतडी स्वच्छ. कुत्र्यांना कॅप्सूलमधून दिलं तर रक्तात त्याचा मागमूस नाही. मी सॉल्ट आणि एस्टर करून पाहायला सहा महिने मागितले. वरिष्ठांनी एका बैठकीत विषय मिटवला, ‘विरघळत नाही’ असा शेरा मारून वही कपाटात गेली. त्या दिवसापासून विद्राव्यता हा माझा ध्यास झाला. पुढच्या काळात मी जिथे जिथे शिकवायला गेलो, तिथे पहिला तास त्यावरच घेतला. सहकारी म्हणत, हे फॉर्म्युलेशनवाल्यांचं काम. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, की रेणूच्या पोटात जे दडलं आहे ते फॉर्म्युलेशनवाल्याला बाहेरून काढता येत नाही. ते रसायनज्ञानेच बदलावं लागतं.

१९७० च्या पेटंट कायद्यानंतरची तीन दशकं प्रक्रियेच्या रसायनशास्त्राची. त्यावर ग्रंथ आहेत. २००१ साली सिप्लाने एड्सची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, हे त्या शाळेचं थोर फळ. मला त्याचा सार्थ अभिमान आहे. २००५ साली उत्पादन-पेटंट परत आलं. २०१३ साली झायडसचं सॅरोग्लिटाझार आलं, काही कंपन्यांचे रेणू प्राण्यांतल्या गाठींपायी मधेच संपले. हा भाग इथेच सोडतो.

आजची अवस्था मला अस्वस्थ करते. हुशार मुलं करारावर संयुगं करून देणाऱ्या कंपन्यांत जातात. परदेशातून रचनांची यादी येते, मुलं ती पार पाडतात, नमुने विमानाने जातात. रेणू कुठल्या रोगासाठी आहे हे अनेकदा त्यांना सांगितलंही जात नाही. तीस संयुगं केलेल्या एका तरुणाला मी विचारलं, यातली किती पाण्यात विरघळली? त्याने कधी पाहिलंच नव्हतं. डीएमएसओ या द्रावकात विरघळवून पाठवायची, एवढाच नियम. संगणकावर रेणू रचणारे नवे विद्वान सांगतात की हे आकडे यंत्र आधीच देतं. देत असेलही. स्फटिकाची जिद्द मात्र मी परीक्षानळीतच पाहिली आहे.

निराश होऊन हा आढावा संपवत नाही, कारण एक घटना घडली आहे. नॅडिफ्लोक्सासिन हे जपानी क्विनोलोन, मुरमांच्या मलमापुरतं वापरलं जाणारं. औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वोकहार्टच्या केंद्रात त्याचा एकच हस्त-समघटक वेगळा करून आर्जिनिनचं सॉल्ट केलं गेलं. ते शिरेतून देण्याइतकं विरघळतं आणि औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर चालतं. तोंडाने घ्यायला त्याचा ॲलनिन एस्टर केला. २००५ साली आर्जिनिन सॉल्टचा निबंध छापून आला, त्यावर पहिलं नाव मुलुंडच्या फोर्सकोलिनवाल्या नोएल डिसूझांचं होतं. दोन्ही औषधांना जानेवारी २०२० मध्ये भारतात मान्यता मिळाली. या खेपेला रेणू जपानचा होता आणि त्याला पाण्यात उतरवणारे आपले होते. निबंधापासून मान्यतेपर्यंत पंधरा वर्षं लागली, आणि कोणीतरी ती लागू दिली.

माझी तरुण रसायनज्ञांना विनंती आहे. नवा पदार्थ हाती आला की एनएमआरला पाठवण्याआधी त्यातले दहा मिलिग्रॅम एका परीक्षानळीत घ्या, एक मिलिलिटर पाणी घाला, हलवा आणि उजेडाकडे धरून बघा. जे दिसेल ते वहीत लिहा. आणि जे प्रयोगशाळा चालवतात त्यांना सांगणं आहे, की तो मुलगा सहा महिने मागायला आला तर ते त्याला द्या.