जीएनएम झालंय, आता डिग्री करायची का?

नोकरी करणाऱ्या सिस्टरनं पुन्हा कॉलेजला जावं का, हा आजचा विषय. मी जीएनएम करून ९ वर्षं वॉर्डात काढली आणि ३४व्या वर्षी डिग्रीला प्रवेश घेतला. तेव्हापासून मैत्रिणी एकच प्रश्न विचारतात, "आता चार वर्षं शिकणार?" तर नाही. आधी तेच स्पष्ट करते.

बारावीनंतरची बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांची असते. आपल्यासारख्या जीएनएम झालेल्यांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग आहे, ती २ वर्षांची. त्यासाठी बारावी, जीएनएम आणि कौन्सिलकडची नोंदणी लागते. म्हणून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना, हे अर्ज भरण्याआधीच बघा. ज्यांचं फक्त एएनएम झालंय, त्यांना थेट इथे येता येत नाही. आधी जीएनएम करावं लागतं.

आता फायदा काय? एक उदाहरण घ्या. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत डिग्रीवालीला अनुभवाची अट नसते. जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. छोट्या नर्सिंग होममध्ये वर्षानुवर्षं राबलेल्या सिस्टरचं गाडं नेमकं इथेच अडतं. शिवाय एम.एस्सी. करून शिकवायचं मनात असेल, तर डिग्रीशिवाय दारच उघडत नाही. आणि हो, त्यासाठी डिग्रीला ५५ टक्के लागतात, तेव्हा 'नुसतं पास झालं की झालं' असं करू नका.

बरं, इतकी वर्षं काम केल्यावर शिकायचं काय उरतं? माझ्यापुरतं सांगते. हात तयार होता, पण 'का' विचारायची सवय सुटली होती. साधं सलाईन घ्या. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय. सेटवर एका मिलीला १५ थेंब लिहिले असतील तर मिनिटाला साधारण ३१ थेंब; २० लिहिले असतील तर ४२. ऑर्डर तीच, बाटली तीच, थेंब वेगळे. वॉर्डात हात सवयीनं चालतो. वर्गात तोच हिशेब कागदावर मांडायला लावतात, आणि पेशंट हृदयाचा किंवा किडनीचा असेल तर तो का महत्त्वाचा, तेही सांगायला लावतात.

खरी अडचण अभ्यासाची नाही, पैशांची आणि घरची आहे. हा पूर्णवेळ कोर्स आहे. दिवसा क्लास, पोस्टिंग आणि रात्री ड्युटी असं दोन वर्षं अंगावर ओढू नका. मी फॉर्म भरण्याआधी नवरा आणि सासूबाईंसोबत बसून फी, प्रवास आणि बुडणारा पगार असा सगळा हिशेब वहीत मांडला. मुलीला शाळेतून कोण आणणार, हेसुद्धा त्याच पानावर लिहिलं. सरकारी नोकरीत असाल तर शिक्षणासाठीच्या रजेबद्दल आस्थापना शाखेत लेखी विचारा.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषद आणि राज्य कौन्सिलची मान्यता आहे का, आणि ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे स्वतः तपासा. एजंटच्या तोंडी शब्दावर पैसे भरू नका. वर्गात वयानं मोठ्या दिसाल, दिसा खुशाल! पोस्टिंगला पहिल्या दिवशी शीर शोधायला सगळ्या तुम्हालाच हाक मारतील.