रमजानची तौबा : माफी अल्लाहची, हिशेब माणसांचा

धाराशिव : रमजानमध्ये इशाच्या नमाजानंतर धाराशिव शहरासह नळदुर्ग, परंडा, उमरगा येथील मशिदींत तरावीहची नमाज होते. त्यानंतरच्या दुआमध्ये ‘मगफिरत’ हा शब्द वारंवार कानी पडतो. मगफिरत म्हणजे क्षमा. मात्र ती केवळ हात पसरून मिळते काय, याचे इस्लामी धर्मशास्त्राने दिलेले उत्तर रोजेदाराला मशिदीबाहेरच्या व्यवहाराकडे नेणारे आहे.

रमजानचे तीन ‘अशरे’ मानले जातात. पहिले दहा दिवस कृपेचे, दुसरे दहा क्षमेचे आणि अखेरचे नरकाग्नीतून सुटकेचे. ही विभागणी सांगणाऱ्या हदीसची सनद अनेक अभ्यासक कमकुवत मानतात. परंतु समाजमनात ती खोलवर रुजली आहे. अखेरच्या अशऱ्यात काही जण मशिदीत ‘एतेकाफ’ला बसतात. २१, २३, २५, २७ व २९ या विषम रात्रींत शब-ए-कद्रचा शोध घेतला जातो.

तौबाच्या अटी

‘तौबा’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ परत फिरणे असा आहे. धर्मपंडितांनी तिच्या तीन अटी सांगितल्या आहेत. गुनाह तत्काळ थांबवणे, त्याबद्दल मनापासून पश्चात्ताप होणे आणि तो पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. त्यासाठी कोणा धर्मगुरूपुढे कबुली द्यावी लागत नाही; बंदा आणि अल्लाह यांच्यात मध्यस्थ नाही. गुनाह कितीही मोठा असला तरी अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नये, असे कुरआनच्या सूरह जुमरमध्ये (आयत ५३) सांगितले आहे. मात्र मृत्यू समोर उभा राहेपर्यंत तौबा लांबणीवर टाकणाऱ्याला सूरह निसामध्ये (आयत १८) इशारा आहे.

चौथी अट कठीण

गुनाह दुसऱ्या माणसाविरुद्ध असेल तर चौथी अट लागू होते. यास ‘हुकूकुल इबाद’, म्हणजे माणसांचे हक्क, म्हणतात. बुडवलेली उधारी, शेताचा कोरलेला बांध, मजुराची अडवलेली मजुरी, बहिणीचा दाबलेला वाटा हे सारे यात येते. येथे आधी हक्क परत करावा लागतो किंवा ज्याचा हक्क आहे त्याची माफी मिळवावी लागते. तो माणूस हयात नसेल तर रक्कम वारसांना द्यावी. वारसही न सापडल्यास त्याच्या नावे दान करावी, असे सांगितले जाते. शहीदाचे सर्व गुनाह माफ होतात, पण कर्ज माफ होत नाही, अशी हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे.

पाठीमागे केलेल्या निंदेचे, म्हणजे ‘गीबत’चे, काय? ती उघड केल्याने तेढ वाढणार असेल, तर ज्यांच्यासमोर निंदा केली त्यांच्याचसमोर त्या व्यक्तीचे चांगले बोलावे आणि तिच्यासाठी दुआ करावी, असा मार्ग अनेक विद्वानांनी सुचवला आहे.

खोटे बोलणे आणि खोटे वागणे न सोडणाऱ्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, अशा आशयाची हदीस ‘सहीह बुखारी’मध्ये आहे. रोजातील उणिवा धुऊन निघाव्यात आणि गरिबाच्या घरीही ईद व्हावी, म्हणून ईदच्या नमाजापूर्वी ‘फितरा’ देण्याचा दंडक आहे. परंतु फितरा दिल्याने शेजाऱ्याचे देणे फिटत नाही. ईदगाहवर गळाभेट होण्यापूर्वी हा हिशेब मिटवता आला, तर त्या भेटीला खरा अर्थ येतो.