अस्सल लाकडाचा टीपॉय : निवड, निगा आणि भुसा पाडणाऱ्या भुंगेऱ्यांपासून संरक्षण

बांधावरचे आंब्याचे, बाभळीचे किंवा सागाचे झाड वठले अथवा तोडावे लागले, की त्याच्या लाकडातून घरासाठी एखादी टिकाऊ वस्तू करून घ्यावी, असे अनेक शेतकरी कुटुंबांना वाटते. बैठकीच्या खोलीतील टीपॉय ही त्यांपैकी करण्यास सोपी वस्तू होय. एक रुंद फळी, चार पाय आणि वरून पॉलिश, एवढेच तिचे स्वरूप. मात्र वर्ष-दोन वर्षांत त्याच टीपॉयखाली मैद्यासारखी बारीक पूड पडू लागते आणि लाकडावर टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रे दिसतात. पॉलिश हलके लावले किंवा घरात कीड झाली, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ही कीड पॉलिशच्या आधीच, झाड तोडल्यापासून फळी रंध्याखाली जाईपर्यंतच्या काळात लाकडात शिरलेली असते. म्हणून टीपॉयचे आयुष्य मुख्यतः लाकडाच्या निवडीच्या व वाळवणीच्या टप्प्यावर ठरते. नंतरची निगा ते आयुष्य राखते. चुकीच्या लाकडाला ती वाचवू शकत नाही.

किडीचे खाद्य : लाकडातील पिष्ट

भुसा पाडणारे हे भुंगेरे बॉस्ट्रिकिडी कुळातील आहेत. लिक्टस आफ्रिकानस, सायनोझायलॉन अॅनेल आणि हेटरोबॉस्ट्रिकस इक्वॅलिस या त्यांच्या भारतात आढळणाऱ्या प्रमुख जाती होत. साठवणीतील गहू व तांदूळ पोखरणारा रायझोपर्था डोमिनिका हा भुंगेराही याच कुळातील आहे. हे नाते लक्षात घेतले, तर लाकडातील किडीचे वर्तन समजणे सोपे जाते. दाण्यातील पिष्टासाठी जसा तो भुंगेरा कणगीत येतो, तसेच त्याचे हे भाऊबंद लाकडातील पिष्टासाठी फळीकडे येतात.

लिक्टस भुंगेऱ्याच्या अळीला लाकडातील सेल्युलोज पचत नाही. ती लाकूड कुरतडते, त्यातील पिष्ट, शर्करा व प्रथिने घेते आणि उरलेले लाकूड पुडीच्या रूपात मागे टाकते. मादी लाकडाच्या उघड्या वाहिन्यांत, म्हणजे सुतार ज्यांना लाकडाची छिद्रे म्हणतात त्यांत, अंडी घालते. ज्या लाकडात अशा रुंद वाहिन्या नाहीत, उदाहरणार्थ देवदार व चीड, त्यावर लिक्टस येत नाही. ज्या पृष्ठभागाच्या वाहिन्या पॉलिशने बंद झाल्या आहेत, तेथेही तिला अंडी घालता येत नाहीत. मात्र आधीच आत असलेली अळी वाढून भुंगेरा झाली, की तो पॉलिश फोडून सहज बाहेर पडतो. दिसणारे छिद्र हे बहुधा बाहेर पडण्याचे दार असते.

रसकाष्ठ आणि मध्यकाष्ठ

खोडाच्या बाहेरच्या बाजूला सालीलगत असलेला फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ. जिवंत झाडात यातून पाणी वर चढते आणि येथेच पिष्ट साठवले जाते. आतील, बहुतेक जातींत गडद दिसणारा भाग म्हणजे मध्यकाष्ठ. यात पिष्ट जवळजवळ उरत नाही. उलट किडींना व बुरशीला नकोशी असणारी द्रव्ये साठतात. साग टिकतो असे आपण म्हणतो, तेव्हा ते सागाच्या मध्यकाष्ठाबद्दल खरे असते. सागाचे रसकाष्ठ भुंगेऱ्यांना बळी पडते. कमी वयात तोडलेल्या सागात रसकाष्ठाचे प्रमाण अधिक असते, म्हणून केवळ ‘साग’ या नावावर विसंबून राहणे योग्य नाही.

जातीनुसार स्थिती पुढीलप्रमाणे आढळते :

- साग, शिसव, शिसम, फणस : मध्यकाष्ठ टिकाऊ. फळीच्या कडेची फिकट पट्टी काढून टाकल्यास टीपॉयसाठी उत्तम.
- बाभूळ : मध्यकाष्ठ कठीण व मजबूत, रसकाष्ठ मात्र भुंगेऱ्यांना अत्यंत प्रिय. तोडल्यावर साल न काढता पडून राहिलेले ओंडके लवकर पोखरले जातात.
- कडुनिंब : पाने व बियांच्या कीडनाशक गुणांमुळे संपूर्ण लाकूड सुरक्षित मानले जाते, पण त्याचेही रसकाष्ठ कीडमुक्त राहील याची खात्री नसते.
- आंबा व रबर : रसकाष्ठ व मध्यकाष्ठ असा स्पष्ट फरक दिसत नाही. त्यामुळे संपूर्ण फळी संवेदनशील समजून तिच्यावर प्रक्रिया करणे आवश्यक ठरते. केरळमधील रबराचे लाकूड फर्निचरसाठी वापरले जाते, ते बोरॉनयुक्त क्षारांच्या प्रक्रियेमुळेच.

आयोडीनची सोपी चाचणी

विस्तार कार्यकर्त्यांना गावात करून दाखवता येईल अशी एक चाचणी उपलब्ध आहे. फळीचे टोक आडवे कापून गुळगुळीत करावे व त्यावर टिंक्चर आयोडीनचे काही थेंब लावावेत. काही मिनिटांत फिकट भागावर निळसर काळा रंग उमटला, तर तेथे पिष्ट भरपूर आहे असे समजावे. केवळ पिवळसर तपकिरी डाग राहिला, तर पिष्ट कमी आहे. एकाच झाडाच्या वेगवेगळ्या फळ्यांत फरक दिसू शकतो, म्हणून प्रत्येक फळीची चाचणी घ्यावी.

झाड तोडल्यापासून फळी वाळेपर्यंत

१. झाड तोडण्यापूर्वी आपल्या राज्यातील नियम पाहावेत. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार अनुसूचित जातींच्या झाडांसाठी पूर्वपरवानगी लागते.

२. तोडलेला ओंडका सालीसह शेतात ठेवू नये. शक्य तितक्या लवकर साल काढून फळ्या पाडाव्यात. ओल्या ओंडक्यावर येणाऱ्या इतर भुंगेऱ्यांनाही यामुळे अटकाव होतो.

३. संवेदनशील लाकडावर बोरिक अॅसिड व बोरॅक्स यांची प्रक्रिया करावी. सुमारे १०० लिटर कोमट पाण्यात ४ किलो बोरिक अॅसिड व ६ किलो बोरॅक्स विरघळवावे. नुकत्याच कापलेल्या, अद्याप ओल्या असलेल्या २५ मिमी जाडीच्या फळ्या या द्रावणात सुमारे ४० मिनिटे बुडवाव्यात. नंतर त्या एकमेकींवर घट्ट रचून प्लास्टिकच्या कागदाने झाकाव्यात आणि तीन ते चार आठवडे तशाच ठेवाव्यात. या काळात फळीतील ओलाव्यातून क्षार आतपर्यंत झिरपतात. फळी वाळल्यानंतर ही प्रक्रिया केल्यास क्षार वरच्या थरातच राहतात. म्हणून वेळ साधणे महत्त्वाचे.

४. द्रावण हाताळताना रबरी हातमोजे वापरावेत. लहान मुले, गर्भवती स्त्रिया व जनावरे यांना त्यापासून दूर ठेवावे. उरलेले द्रावण विहीर, ओढा किंवा पिकात ओतू नये. जास्त बोरॉन पिकांना घातक ठरते.

५. त्यानंतर फळ्यांच्या थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून सावलीत, हवेशीर जागी वाळवण करावी. यास जात व हवामानानुसार काही महिने लागतात. एका तुकड्याचे दर आठवड्याला वजन करावे; वजन घटणे थांबले की फळी तेथील हवेशी जुळली असे समजावे. ओलावामापक उपलब्ध असल्यास साधारण १० ते १२ टक्के ओलावा योग्य होय. किनारपट्टीच्या दमट भागात तो थोडा अधिक राहतो.

येथे धान्य व लाकूड यांतील एक फरक लक्षात ठेवावा. धान्य नीट वाळवले की बहुतेक किडींचा जोर ओसरतो. लिक्टस मात्र सुमारे ८ टक्के ओलावा असलेल्या लाकडातही तग धरतो. त्यामुळे वाळवण ही प्रक्रियेला पर्याय ठरत नाही.

तयार टीपॉय विकत घेताना

जोधपूर, सहारनपूर यांसारख्या केंद्रांत तयार झालेले आंबा व शिसमचे टीपॉय आता देशभर मिळतात. खरेदी करताना टीपॉय उलटा करून पाहावा. वरच्या पृष्ठभागावरील रेषा फळीच्या टोकाला वळून पुढे सुरू राहत असतील, तर ती अस्सल फळी होय. टोकाला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल, तर आत प्लायवूड किंवा दाबीव भुशाची पाटी असण्याची शक्यता असते. गडद रंग देऊन रसकाष्ठाची फिकट पट्टी लपवलेली असू शकते. खालच्या, रंग न लागलेल्या बाजूला ती ओळखता येते. खालची बाजू, पायांचे तळ आणि स्क्रूची छिद्रे पॉलिशविना उघडी असतील, तर भुंगेऱ्याला अंडी घालण्यास तीच जागा मिळते. लाकडावर बोरॉनची किंवा उष्णतेची प्रक्रिया झाली आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. उष्णतेमुळे आतील कीड मरते, परंतु पुढील काळासाठी संरक्षण मिळत नाही.

वरची फळी पायांच्या चौकटीला कशी जोडली आहे, हेही पाहावे. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते व उन्हाळ्यात आकसते. सागाची ६० सेंमी रुंद फळी ओलाव्यातील ४ टक्क्यांच्या फरकाने चार-पाच मिमी हलू शकते. ती सर्व बाजूंनी पक्की आवळली असेल, तर मध्ये चीर जाते, आणि चिरेत उघडे पडलेले लाकूड किडीला नवे दार ठरते. स्क्रूसाठी लांबट खाच ठेवलेली असावी.

दैनंदिन निगा

- टीपॉयवर सांडलेले पाणी लगेच पुसावे. गरम भांड्याखाली व पेल्याखाली तबकडी ठेवावी.
- लादी पुसताना पाय भिजतात, म्हणून पायांना रबरी टोप्या बसवाव्यात. ओलसर भिंतीलगत टीपॉय ठेवू नये. वाळवीचा प्रवेश अशाच जागेतून होतो.
- थेट उन्हात ठेवू नये, फळी वाकते.
- वर्षातून एकदा मेण किंवा पॉलिशचा हात सर्व बाजूंनी, विशेषतः खालून, द्यावा.
- पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर टीपॉय उलटा करून तपासावा.

भुसा दिसल्यास

प्रथम कीड ओळखावी. टाल्कम पावडरसारखी मऊ पूड आणि १ ते २ मिमीची गोल छिद्रे असल्यास लिक्टस. त्याहून मोठी छिद्रे आणि जरा भरड पूड असल्यास कुळातील इतर भुंगेरे. मातीच्या नळ्या असल्यास जमिनीतील वाळवी. खसखशीसारखे टणक, सहा कडांचे दाणे पडत असल्यास कोरड्या लाकडातील वाळवी समजावी.

पूड पडणे म्हणजे कीड जिवंत आहेच असे नाही. जुन्या बोगद्यातील पूड हलवल्यावरही पडते. सर्व छिद्रे मेणाने बुजवावीत, खाली काळा कागद अंथरावा व काही आठवडे निरीक्षण करावे. नवी छिद्रे व नवी पूड दिसल्यासच उपचार करावा. कीड लागलेला भाग लहान असेल, तर तो कापून नवा तुकडा बसवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. लहान वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून उणे २० अंश सेल्सिअस तापमानाला किमान आठवडाभर ठेवण्याची पद्धत संग्रहालयांत वापरली जाते. बटाट्याच्या शीतगृहातील थंडी त्यासाठी पुरेशी नसते. मोठ्या वस्तूसाठी परवानाधारक कीडनियंत्रण सेवेची मदत घ्यावी.

काय करू नये

धान्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टीपॉयखाली किंवा कपाटात कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीतून शेजारच्या खोलीतही पसरतो आणि झोपलेल्या माणसांचा जीव घेऊ शकतो. त्यावर उतारा उपलब्ध नाही. पिकांवरील कीटकनाशके घरातील लाकडावर मारू नयेत. ती पॉलिशखालच्या अळीपर्यंत पोहोचत नाहीत, मात्र माणसांच्या हाताला व अन्नाला लागतात. जुन्या पुस्तिकांत सुचवलेल्या लिंडेनच्या वापरावर देशात २०१३ पासून बंदी आहे. रॉकेल व इंजिनाचे जळके तेल यांनी लाकूड काळे पडते, आतील अळीला अपाय होत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी कृषी वनीकरणाच्या प्रशिक्षणात रोपांची निवड व लागवड यांच्या जोडीने लाकूडतोडीनंतरच्या पहिल्या महिन्याचाही समावेश करावा. वीस-पंचवीस वर्षे वाढवलेल्या झाडाचे मोल त्या महिन्यातील साल काढणे, फळ्या पाडणे आणि बोरॉनची प्रक्रिया या तीन कामांवर अवलंबून असते. बोरिक अॅसिड, बोरॅक्स व प्लास्टिकचा कागद यांचा खर्च एका टीपॉयच्या किमतीपुढे थोडा आहे. आणि घरात विषारी गोळ्या आणण्याची वेळ त्यामुळे टळते.