पाहुण्याला आधी विचारा!

सुटी लागली की पुण्याला जायचे बेत ठरतात. कुणाच्या ताईला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो, कुणाचा मामा तिथं राहतो. विद्येचं माहेरघरच ते! मग यादी होते : शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग... आणि सगळं एका दिवसात उरकायचं!

मीही एकदा असंच केलं, बरं का. आईला घेऊन मोरव्याहून पहाटे निघाले. भाईंदरहून लोकल, दादरला गाडी बदलून पुणे. कागदावर सात ठिकाणं होती. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आम्ही भराभर चढलो. गुडघेदुखीमुळे आई मात्र पिशव्या सांभाळत खालीच बसली. परतताना गाडीत तिनं हळूच विचारलं, "सावित्रीबाईंची पहिली शाळा कुठं होती गं?"

मी गप्पच झाले. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तो भिडेवाडा दगडूशेठ गणपतीच्या समोरच होता. आम्ही दर्शनाला तिथंच तर उभे होतो! आईची शाळा चौथीत सुटलेली. तिला ती एकच जागा पाहायची होती आणि मी तिला विचारलंच नव्हतं. "पुन्हा जाऊ" म्हटलं, ते राहूनच गेलं. मोडकळीला आलेला तो वाडा २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला.

म्हणून सांगते, गावाची माहितीपुस्तिका करायची तर गावापासून नव्हे, पाहुण्यापासून सुरुवात करा. त्याला तीन प्रश्न विचारा : तुला काय आवडतं? चालणं, चढणं जमेल का? वेळ किती आहे? मग आवडीप्रमाणे एकेक पान करा. पुण्याची पानं अशी होतील :

शिक्षणाची ओढ असणाऱ्यांसाठी : गंज पेठेतला महात्मा फुले वाडा. जोतिरावांनी आपला पाण्याचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला, तो इथलाच. मग १८८५ साली सुरू झालेलं फर्ग्युसन कॉलेज.

जुन्या वस्तूंच्या वेड्यांसाठी : राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं! दिनकर केळकरांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या आणि संग्रहालयाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं.

ताऱ्यांच्या मित्रांसाठी : विद्यापीठाच्या आवारातली 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था. डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. इथं जाण्याआधी चौकशी जरूर करा.

स्वातंत्र्यलढ्याविषयी वाचणाऱ्यांसाठी : आगाखान पॅलेस. १९४२ मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा इथं कैदेत होते. कस्तुरबांनी १९४४ मध्ये इथंच शेवटचा श्वास घेतला.

प्रत्येक ठिकाणापुढं पायऱ्या, बसायची सोय, पिण्याचं पाणी यांची नोंद करा. सुटीचा वार आणि वेळ बदलू शकते, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या. जवळजवळची ठिकाणं एका दिवसात ठेवा. शनिवारवाडा आणि दगडूशेठ गणपती चालत होतात. आगाखान पॅलेस दूर, त्याला वेगळा वेळ द्या. आणि दिवसाला तीनच ठिकाणं, बरं का!

पुण्याला जायचं नसेल तरी अडत नाही. आपल्याच गावाची वही करा. आमच्या मोरव्याला कुणी आलं, तर मीठ कसं पिकतं हे विचारणाऱ्याला आम्ही भाईंदरच्या मिठागरांचं पान देऊ, होड्या आवडणाऱ्याला उत्तनच्या कोळीवाड्याचं.

पहिलं पान घरातल्या आजी-आजोबांसाठी लिहा. आधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला काय पाहायचंय?" आणि ते सांगतील, ते ठिकाण यादीत सगळ्यांत वर लिहा!